कधीपासून ठाऊक होतं

येरमाळा
१२ जानेवारी २०२५

काका,

पाया पडते. फोनवर तुम्हाला नीट ऐकू येत नाही आणि न ऐकताच तुम्ही "बरं, बरं" म्हणत राहता, म्हणून पत्र.

कारखान्यात काय चाललंय असं तुम्ही मागं विचारलं होतंत. गणवेशाचा हंगाम सुरू झालाय. शाळा उघडतात जूनमध्ये, पण आमचा जून जानेवारीतच लागतो. सोलापूरहून कापडाचे तागे आलेत, बासष्ट मशिनी सकाळी नऊपासून चालू असतात. मला मॅनेजर होऊन या महिन्यात तीन वर्षं झाली. तुमच्या शब्दावर घेतलेली आण्णासाहेबांची सून सोनाली आता कॉलर लावण्यात सगळ्यांत पुढं आहे. शर्टात तेच काम अवघड. नव्या मुलींना तीच शिकवते.

शनिवारची आमची बैठकही चालू आहे. सुटायच्या आधी अर्धा तास मशिनी बंद, सगळ्या बायका कटिंगच्या टेबलाभोवती, ज्या बाईला जे विचारायचं ते तिनं विचारावं. आधीच्या मॅनेजरच्या वेळी उद्या सुट्टी आहे हे बायकांना संध्याकाळी गेटवर कळायचं. मी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, इथलं बरंवाईट काहीही असो, ते बाहेर कळायच्या आधी तुम्हाला माझ्याकडून कळेल. त्याचं कौतुक सगळ्यांत जास्त तुम्हीच केलं होतंत.

काका, एक विचारायचं होतं. एखादी गोष्ट आपल्याला माहीत आहे, पण ती सांगता येत नाही, असं हेडमास्तर असताना तुमचं कधी झालं होतं का? सहज विचारतेय.

तुमची
देवश्री


तुळजापूर
१९ जानेवारी २०२५

चि. देवश्री,

आशीर्वाद. पत्र वाचून समाधान वाटलं. माणसं हाताखाली असली की त्यांच्यापासून चार गोष्टी राखून ठेवायचा मोह होतो. त्यानं आपलं वजन वाढतं असं वाटतं. तू तसं केलं नाहीस, हे आमच्या घराला शोभतं.

तुझा प्रश्न 'सहज' नाही एवढं या म्हाताऱ्याला कळतं. माझा अंदाज असा, की बायकांपैकी कुणाच्या हातून काही चूक झाली आहे. कापड वगैरे बाहेर गेलं असेल आणि ती बाई गरीब असल्यामुळे तुला बोलायचा संकोच होतो आहे. तसं असेल तर तिला एकटीला बोलाव, प्रेमानं विचार आणि प्रकरण मिटव. बैठकीत काढू नकोस.

आणि दुसरंच काही असेल तर उघड लिही. येरमाळ्याच्या शाळेत मी अकरा वर्षं हेडमास्तर होतो. माझ्याकडून कुणाला काही लपवून ठेवल्याचं मला आठवत नाही. अठ्ठ्याण्णव साली दोन वर्गखोल्यांना तडे गेले तेव्हा मी पालकांना बोलावून स्वतःच्या तोंडानं सांगितलं होतं. सगळे घाबरले, ओरडले, आणि शेवटी त्यांनीच वर्गणी काढून मंडप घातला.

दत्तोपंत


येरमाळा
२ फेब्रुवारी २०२५

काका,

कापड गेलेलं नाही. बायकांची काहीच चूक नाही.

सहा जानेवारीला आमचे मालक इंद्रजितसाहेब आले होते. माझ्या केबिनचं दार त्यांनी स्वतः लावून घेतलं. या गाळ्याचा करार एप्रिलमध्ये संपतोय, तो ते वाढवणार नाहीत. मशिनी बारामतीकडच्या युनिटला जाणार. इथलं काम बंद.

मी विचारलं, "बायकांना कधी सांगायचं?"

ते म्हणाले, "मॅडम, घाई करू नका. पुण्याची एक पार्टी आहे. गाळा आणि बायका सगळं घ्यायची त्यांची तयारी आहे, पण आधी काम बघणार. मार्चमध्ये येतील. आज बातमी फुटली तर बायका वाट फुटेल तिकडं जातील. मग पार्टी येऊन काय बघणार, रिकाम्या खुर्च्या? तुम्हाला त्यांचं भलं करायचं असेल तर तोंड बंद ठेवा."

यातलं काय खोटं आहे ते मला शोधता येत नाही. पार्टी खरी आहे, मी तिच्या माणसाशी फोनवर बोललेय. बायका गेल्या तर पार्टी येणार नाही, हेही खरंच. गेले चार शनिवार मी टेबलापाशी बसते आणि पंख्यांबद्दल, पाण्याच्या टाकीबद्दल, दिवाळीत राहिलेल्या सुट्टीबद्दल उत्तरं देते. परवा आमच्यातल्या सगळ्यांत थोरल्या इरम्माबाई म्हणाल्या, "मॅडम, तुमी आजकाल लई वाळलाव." मी म्हटलं, ॲसिडिटी आहे.

काय करू ते सांगा.

देवश्री


तुळजापूर
८ फेब्रुवारी २०२५

चि. देवश्री,

यात विचार करण्यासारखं काय आहे ते मला समजलं नाही. सांगून टाक. येत्या शनिवारीच सांग.

तुझ्या मालकाचं गणित त्याच्या सोयीचं आहे. बायका राहतील की जातील हे बायकांनी ठरवायचं, त्यानं नाही आणि तूही नाही. तू त्यांना वचन दिलं आहेस. पार्टी येणार आहे हेही सांग, येईलच याची खात्री नाही हेही सांग. जिला थांबायचं ती थांबेल. ज्या माणसाला सगळे विश्वासानं विचारतात, त्यानं गप्प बसणं हे खोटं बोलण्यापेक्षा वाईट, कारण खोटं निदान पकडता तरी येतं.

नोकरी जाईल अशी भीती वाटत असेल तर तुळजापूरला ये. दोन खोल्या रिकाम्याच आहेत.

दत्तोपंत


येरमाळा
२३ फेब्रुवारी २०२५

काका,

तुमचं पत्र पंधरा तारखेच्या शनिवारी दुपारी मिळालं. ते पर्समध्ये ठेवून मी बैठकीला बसले. बोलायला तोंड उघडलं आणि म्हणाले, "मार्चमध्ये पुण्याहून पाहुणे येणार आहेत, शिलाई नीट घ्या." बायका खूश झाल्या. कुणी म्हणालं, गेटपाशी रांगोळी काढू.

पण पत्र लिहायचं कारण वेगळं आहे. गुरुवारी जेवणाच्या सुट्टीत सोनाली नळापाशी माझी वाट बघत उभी होती.

"मॅडम, एक इचारू का? गावातल्या अंगणवाडीत मदतनीस म्हणून माझं नाव लागलंय. अठ्ठावीस तारखेच्या आत हजर व्हायचंय."

"अरे वा. मग?"

"मे महिन्यात मला पस्तीस पुरी व्हत्यात. म्हंजे परत फॉर्म भरता यायचा न्हाय. तिथं पगार कमी हाय, पन ते कायमचं हाय. मला मात्र हितलंच काम आवडतंय. घरी मामा म्हणले, मॅडमला इचार, त्या सांगत्याल तसं कर." मामा म्हणजे तिचे सासरे, तुमचे आण्णासाहेब. "हितलं चालू राहनार असंल तर मी तिकडं जात न्हाय. तुमी सांगा."

काका, माझ्या डोक्यात पहिला विचार काय आला ते तुम्हाला खरं लिहिते. पार्टी बारा मार्चला येणार आहे. सोनाली गेली तर कॉलर कोण लावणार? नव्या मुलींच्या कॉलरी वाकड्या बसतात. पार्टी शर्टाची आधी कॉलरच बघते. तिचं वय, तिची नेमणुकीची ऑर्डर, हा विचार नंतर आला. मधे दोन-चार क्षणच गेले असतील, पण नंतर आला.

मी म्हणाले, "मी आहे ना."

ती हसली. "मग झालं," म्हणाली आणि डबा धुवायला वाकली.

कारखाना चालू राहील असं मी म्हणाले नाही. मी खोटं बोलले नाही, असं त्या दिवसापासून स्वतःला सांगतेय. तुम्हीही एकदा तसं सांगा, म्हणजे बरं वाटेल.

देवश्री


तुळजापूर
२६ फेब्रुवारी २०२५

चि. देवश्री,

तुझं पत्र आजच मिळालं. तसं मी सांगू शकत नाही. पण तुला बोल लावायचा अधिकारही मला उरलेला नाही. का ते लिहितो.

माघ पौर्णिमेला आण्णासाहेब देवीच्या दर्शनाला आले होते. दर्शन झाल्यावर घरी आले. माझ्या उजव्या कानाशी खुर्ची ओढून बसले आणि म्हणाले, "गुरुजी, सूनबाईला अंगणवाडीची ऑर्डर येणार हाय. कारखाना सोडावा का?"

तुला मी कडक पत्र लिहिलं त्याला तेव्हा चारच दिवस झाले होते. सगळं ठाऊक असलेला माणूस त्यांच्यासमोर बसला होता. एक वाक्य बोलायचं होतं. मी काय म्हणालो असेन? "देवश्रीला विचारायला सांगा. ती कधी खोटं सांगायची नाही."

आण्णासाहेबांनी मान डोलावली. "तुमची पुतणी म्हणल्यावर आणि काय पाहिजे," म्हणाले. चहा घेऊन गेले.

मी मनाशी म्हटलं, गुपित तुझं आहे, फोडणारा मी कोण? मग म्हटलं, तोवर तू सांगितलंच असशील. तुझ्यावर ढकलून मी मोकळा झालो. तिला नळापाशी तुझ्याकडे पाठवलं ते आण्णासाहेबांनी नाही, मी. आणि तू कधी खोटं सांगायची नाहीस, हे प्रमाणपत्रही हातात देऊन पाठवलं.

त्या वर्गखोल्यांचंही आता लिहितो. मी पालकांना सांगितलं हे खरं. पण तडे पावसाळ्यातच पडले होते आणि मी सांगितलं दिवाळीनंतर, तेही एका बाईनं शाळेत येऊन भिंतीकडं बोट दाखवल्यावर. इतकी वर्षं ती गोष्ट मी पहिला अर्धा भाग गाळून सांगत आलो, आणि मलाही ती तशीच खरी वाटायला लागली होती.

पत्र मिळताच सोनालीला सांग. बाकीच्यांचं राहू दे, तिला तेवढं सांग. अठ्ठावीसच्या आत.

दत्तोपंत


येरमाळा
१६ मार्च २०२५

काका,

तुमचं पत्र मला चार मार्चला मिळालं. पाकिटावरची तारीख बघून मी तिथंच टपाल घेणाऱ्या वॉचमनच्या स्टुलावर बसले. अंगणवाडीच्या यादीत सोनालीच्या मागं नाव असलेली बाई तीन तारखेला हजरही झाली होती.

पण टपालाला दोष देऊन मला सुटता येत नाही. तेवीसला तुम्हाला पत्र लिहिलं तेव्हाच मला सगळं कळत होतं. अठ्ठावीसपर्यंत सोनाली रोज माझ्यापासून दहा फुटांवर बसत होती.

बारा तारखेला पार्टी आली. दोन माणसं. बायकांनी खरंच रांगोळी काढली होती, इरम्माबाई नवं लुगडं नेसल्या होत्या. ते दोघं चाळीस मिनिटं फिरले. लाइटबिल मागितलं, छताचे फोटो काढले. सोनालीनं लावलेली कॉलर उलटसुलट करून एकानं बघितली आणि म्हणाला, "हात चांगला आहे." ती मान खाली घालून शिवत राहिली, पण कान लाल झाले होते तिचे. आठ दिवसांत कळवतो म्हणून गेले.

जानेवारीत वाटायचं, आता सांगणं फार लवकर होईल. आता वाटतं, सांगून उपयोग काय. मधला दिवस कधी आलाच नाही, काका. तो कुठला होता, ते तुम्हाला माहीत असेल तर कळवा.

देवश्री


येरमाळा
१३ एप्रिल २०२५

काका,

तुमचं पत्र आलं नाही. प्रकृती बरी असेल असं धरून लिहिते.

एक एप्रिलला पार्टीनं नकार कळवला. गाळा हायवेपासून आत आहे आणि छप्पर गळेल असं वाटतं, एवढंच कारण. बायकांबद्दल त्यांची तक्रार नव्हती. मग इंद्रजितसाहेबांचा फोन आला. येडेश्वरीच्या यात्रेची अकरा तारखेपासून सुट्टी जाहीर करा. बारा-तेराला ट्रक येतील, मशिनी भरतील. बायकांचा हिशेब बँकेत जमा होईल आणि सुट्टी संपायच्या आदल्या दिवशी त्यांना फोनवर कळवू.

म्हणजे यात्रेहून आलेल्या बायकांना रिकामा गाळा दिसायलाही नको, म्हणून फोन.

दहा तारखेला गुरुवार होता. मी दुपारी तीनला मशिनी बंद करायला सांगितल्या. शनिवार नाही म्हणून बायका गोंधळल्या. काहींना वाटलं यात्रेची साडी मिळणार. टेबलाभोवती बसल्यावर मी सगळं सांगितलं. करार, बारामती, पार्टी, ट्रक. काही राखून ठेवलं नाही. बोलताना मला वाटत होतं की ओरडतील, रडतील, कुणीतरी कात्री फेकेल.

पण इरम्माबाईंनी नेहमीच्याच आवाजात विचारलं, "मॅडम, तुमाला कधीपासून ठाऊक होतं?"

मी म्हणाले, "सहा जानेवारीपासून."

त्या बोटांवर मोजायला लागल्या. जानेवारी, फेब्रुवारी, मार्च. चौथ्या बोटावर थांबल्या आणि हात पदरात घेतला. "बरं," एवढंच म्हणाल्या. मी पार्टीचं कारण पुन्हा सांगायला लागले, की तुमच्यासाठीच गप्प होते. एका नव्या मुलीनं खाली बघूनच म्हटलं, "आमाला इचारलं असतं तर आमीबी गप्प बसलो असतो की." हे मला सुचलंच नव्हतं, काका. सगळ्यांना सांगून सगळ्यांनी मिळून गप्प राहायचं, हे तीन महिन्यांत एकदाही सुचलं नाही.

बायका उठल्या, डबे घेतले, चपला घालून गेल्या. सोनाली परत मशिनीवर बसली होती. तिच्यापुढं नऊ शर्ट राहिले होते. मी म्हटलं, राहू दे. तिनं ऐकलं नाही. नऊच्या नऊ कॉलरी लावल्या, धागे कापले, शर्ट मोजून बाजूला ठेवले. मग माझ्यापाशी आली.

"मॅडम, त्या दिवशी नळापाशी तुमी नुसती मान हालवली असती तरी मला कळलं असतं. तोंडानं बोलायची गरजच नव्हती."

रागानं म्हणाली असती तर बरं झालं असतं. एखादी सोपी गोष्ट राहून गेल्यासारखं म्हणाली.

काल ट्रक आले. मी गेटवर उभी राहून बासष्ट मशिनींच्या यादीवर खुणा केल्या, कारण ते काम माझंच होतं. मी बायकांना सांगितल्याचं साहेबांना कळलंय. ते रागावले नाहीत. म्हणाले, "झालं ते झालं. बायका तुमच्यावर विश्वास ठेवतात मॅडम, हे सगळ्यांना जमत नाही. बारामतीला नव्वद मशिनी आहेत. एक मेपासून या." मी हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. येरमाळ्यात दुसरं काम नाही आणि मला दुसरं काही येतही नाही. तिथं नव्वद बायका बसतील आणि मी पहिल्या दिवशी त्यांना काय सांगू?

तुम्ही काहीतरी लिहा. यावेळी गप्प राहू नका.

देवश्री


तुळजापूर
२० एप्रिल २०२५

चि. देवश्री,

प्रकृती ठीक आहे. तुझ्या मार्चच्या पत्राला तीनदा उत्तर लिहिलं आणि टाकून दिलं. त्यात जे लिहायचं होतं ते आत्ता लिहितो. सव्वीस फेब्रुवारीला मला तुळजापूरहून येरमाळ्याची एस.टी. पकडता आली असती. संध्याकाळपर्यंत सोनालीच्या दारात पोचलो असतो. मी टेबलापाशी बसून पत्र लिहिलं, स्वच्छ अक्षरात लिहिलं, आणि पेटीत टाकून आलो. पत्राला तीन-चार दिवस तरी लागतात हे मला माहीत नव्हतं असं नाही.

शुक्रवारी ती एस.टी. पकडली. आण्णासाहेब ओसरीवर तूर निवडत बसले होते. मी उभ्यानंच सांगितलं, "आण्णासाहेब, पौर्णिमेला तुम्ही विचारलंत तेव्हा कारखाना बंद होणार हे मला ठाऊक होतं."

त्यांनी सूप बाजूला ठेवलं. मला वाटलं त्यांना नीट कळलं नाही, म्हणून मी पुन्हा बोललो.

"कळलं गुरुजी," ते म्हणाले. "बसा."

मी बसलो. सोनालीनं पाणी आणलं, मग चहा आणला. मी तिच्याकडं बघून काही बोलणार तर ती आत गेली. आण्णासाहेब म्हणाले, "सूनबाईनं बजावलंय. गुरुजी न्हायतर मॅडम आल्या तर कुणी काय बोलायचं न्हाय म्हणून." मग यात्रेचं सांगत राहिले, यंदा गर्दी किती होती, पाण्याचे टँकर कुठं लावले होते. सोनाली सध्या दुसऱ्याच्या रानात खुरपायला जाते, तेही त्याच आवाजात सांगितलं.

निघताना त्यांनी नव्या ज्वारीची पिशवी आणून दिली. मी नको म्हणालो. त्यांनी हातात धरवली. "मास्तर मानसाला मोकळ्या हातानं लावत न्हाय आमी," म्हणाले, आणि स्टँडपर्यंत सोडायला आले. बस सुटेस्तोवर उभे होते. मी घेतली पिशवी. नाही म्हणायला मला तोंड नव्हतं.

बारामतीचं तू विचारलंस. तू गेलीस तर मी का गेलीस असं विचारणार नाही, आणि नाही गेलीस तर शाबासकीही देणार नाही. नव्वद बायकांना पहिल्या दिवशी काय सांगायचं ते मला ठाऊक नाही. फेब्रुवारीत मला ते एका दमात सांगता आलं होतं, ते पत्र फाडून टाक.

ज्वारीची पिशवी स्वयंपाकघरात कोपऱ्यात आहे. तिचं तोंड अजून सोडलेलं नाही.

दत्तोपंत